तळहातात उतरलेलं औषध

मुलुंडला आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर एक हॉस्पिटल आहे. तिथे खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसून मी दर चार आठवड्यांनी एक औषध शिरेतून घेते. पोटातल्या कॅन्सरसाठी. रंगाने ते पातळ केलेल्या कोकम सरबतासारखं दिसतं. पहिल्यांदा ती पिशवी टांगली तेव्हा मी सिस्टरला विचारलं, "साखर बेताची घातलीय ना गं? मला डायबेटिस आहे." ती बिचारी नवीन होती, फाइल उघडून शोधायला लागली. शेजारी बसलेली माझी सून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही तुमचं काम करा. ह्या अशाच आहेत."

अशी मी उशिरा झाले. सत्ताविसाव्या वर्षी मी फार गंभीर बाई होते. ती बाई आज समोरून आली तर मी फुटपाथ बदलेन.

तेव्हा मुलुंडच्या मोठ्या रस्त्यावरच्या एका औषधांच्या कंपनीत मी पॅकिंगला होते. पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिपा सरकत यायच्या आणि एखादा खळगा रिकामा राहिलाय का एवढंच मला बघायचं असे. पण डोक्यावर पांढरी टोपी चढली की मला वाटायचं, डॉक्टर आणि मी यांच्यात फरक फक्त स्टेथोस्कोपचा. संध्याकाळी बिल्डिंगच्या जिन्यात उभी राहून मी बायकांना सल्ले वाटायचे. त्यातले दोन सिद्धांत फार गाजले. पहिला : सुई जिथे दुखतं तिथेच मारून घ्यावी, उगीच दंडातून टाचेपर्यंत औषधाने कशाला पायपीट करायची? एकदा टाच दुखत होती तर मी खरोखरच चप्पल काढून डॉक्टरांच्या टेबलावर पाय ठेवला होता. ते म्हणाले, "ताई, रक्त सगळीकडे फिरतं हो." मी दुसऱ्या दिवशी सगळ्या पॅकिंग लाइनला सांगितलं की हा माणूस बोगस आहे.

दुसरा सिद्धांत : औषधाने त्रास झाला म्हणजे ते लागू पडतंय. ह्याच्यावर हसता येत नाही, पण लिहिते. माझ्या सासूबाईंना छातीचा कॅन्सर झाला तेव्हा त्यांना असंच एक लाल औषध देत असत. गडद लाल. त्यांचे केस आठ-दहा दिवसांत उशीवर आले. उलट्या थांबत नव्हत्या. त्या मला विचारायच्या, "गो, ह्या असाच होता काय?" आणि कंपनीतली मी सांगायचे, "सोसा आई, त्रास होतोय म्हणजेच काम करतंय." त्यांनी सोसलं. डॉक्टरांकडे एक अक्षर काढलं नाही, कारण सून औषधांच्या कंपनीतली. तिसऱ्या वेळेस डॉक्टरांनीच त्यांचं वजन बघून विचारलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, उलटीवर गोळी असते. सांगायचं नाही का?" ती गोळी मी रोज हजारांनी पॅक करत होते.

मला स्वतःला अंडाशयाचा निघाला. ऑपरेशन झालं, नेहमीची केमो झाली, दीड वर्ष बरं गेलं आणि मग स्कॅनमध्ये पोटात पुन्हा दोन-तीन ठिकाणी तांदळाएवढं काहीतरी दिसायला लागलं. माझी डॉक्टरीण माझ्या मुलापेक्षा लहान आहे. केस कापलेले, बोलणं फटाफट. तिने हे औषध सुचवलं आणि सांगितलं की मूळ औषध जुनंच आहे, सासूबाईंना दिलं तेच, पण आता ते चरबीच्या इवल्या इवल्या गोळ्यांच्या पोटात भरून देतात. किती इवल्या, तर केसाच्या जाडीत अशा शेकडो शेजारी शेजारी बसतील.

मी म्हटलं, "डॉक्टर, सुई हाताला आणि गाठ पोटात. ह्या गोळ्यांना पत्ता कोण सांगणार?"

ती हसली. म्हणाली, "आजी, गाठ फार घाईत वाढते. तिला रक्त पाहिजे असतं म्हणून ती नवीन रक्तवाहिन्या ओढून घेते. पण काम कच्चं. भिंतींना फटी राहतात. ह्या गोळ्या चांगल्या रक्तवाहिनीतून सहज बाहेर पडत नाहीत, पुढे जातात. फटी सापडल्या की तिथे उतरतात, आणि हळूहळू आतलं औषध सोडतात."

"म्हणजे आमच्या बिल्डिंगचं प्लंबिंग," मी म्हटलं. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि बिल्डरने दोन पावसाळ्यांत सतरा मजले उभे केले. तेव्हापासून वरच्यांनी आंघोळ केली की आमच्या पॅसेजमध्ये कळतं.

"एक्झॅक्टली. पण सगळं औषध गाठीतच जातं असं समजू नका हां. थोडं इकडेतिकडेही जातंच. फक्त हृदयाला आणि केसांना जुन्याएवढा त्रास नाही."

आणि खरंच, केस विरळ झाले पण राहिले. पहिल्या दोन खेपांना उलटी नाही. दोन खेपांनंतर रक्तातला मार्कर, म्हणजे ह्या आजाराचा जो आकडा बघतात तो, निम्म्याच्याही खाली आला. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "तुमचं सरबत चांगलंय." मला आतून खात्रीच होती की मी ह्यातून निघणार, आणि ती खात्री आजही आहे. फक्त त्या खात्रीला मध्ये एकदा शिंगं फुटली.

औषधाबरोबर एक पथ्य होतं. ते सिस्टर दर वेळी पाठ म्हटल्यासारखं सांगायची. औषध चालू असताना तळहात-तळपायांशी बर्फाच्या पिशव्या धरायच्या. आणि घरी गेल्यावर आठवडाभर हातापायांना उष्णता नाही, दाब नाही, घासणं नाही. गरम पाणी नाही, भांडी नाही, घट्ट चप्पल नाही. मंगळवारच्या भजनात टाळ्यासुद्धा वाजवायच्या नाहीत. मी विचारलं, "मान हलवली तर चालेल ना?" एवढ्या गमतीच्या नादात पथ्य का पाळायचं हे मी विचारलंच नाही. पॅकिंगवाली बाई माझ्यात अजून जिवंत होती म्हणायची.

तिसरी खेप बुधवारी झाली. आणि त्याच रविवारी माझ्या नातीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी जेवायला यायची होती.

आमच्यात, म्हणजे आमच्या मालवणाकडच्या घराण्यात, नवीन सोयरे पहिल्यांदा पानावर बसले की शिरवाळे करतात. तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवायचे, उकळत्या पाण्यातून काढून तसेच आगीसारखे लाकडी साच्यात घालायचे आणि वरून जीव खाऊन दाबायचं. खाली पांढरीशुभ्र शेव पडते. ती गुळाच्या, वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायची. गोळा जरा गार झाला की शेव तुटते, म्हणून थांबायला वेळ नसतो. आणि साचा दाबायचा मान घरातल्या थोरलीचा. सासूबाई गेल्यापासून तो माझा आहे. चिमटा, फडका काही न घेता मी गोळे उचलते. माझे हात भाजत नाहीत अशी आमच्या नातेवाइकांत ख्याती आहे आणि ती मी फार प्रयत्नाने टिकवली आहे.

सून शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिने उत्तर आधीच काढून ठेवलं होतं. "आई, स्टेशनजवळच्या केरळी दुकानात तयार मिळतात, तसेच दिसतात. रस मी करते. तुम्ही फक्त बसायचं."

"इडिअप्पम आणि शिरवाळे एकच का गं?"

"पाहुणे घाटावरचे आहेत आई. त्यांना कुठे कळतंय?"

"मला कळतंय ना."

त्यावर ती पिशवी घेऊन निघाली. ती लिफ्टमध्ये शिरली तसं मी ह्यांना म्हटलं, "अहो, बाल्कनीत उभे रहा." नवऱ्याला बिचाऱ्याला पन्नास वर्षांत कधी कारण विचारायची सवय लागली नाही. पीठ मी पहाटेच मळून ठेवलं होतं. पाऊण तासात मी बावीस गोळे दाबले. हात झणझणत होते, पण ते नेहमीच झणझणतात. शेवटचा गोळा साच्यात असताना बाल्कनीतून आवाज आला, "इली, इली! बंद कर ता!"

सून स्वयंपाकघरात आली. परातीत शिरवाळ्यांचा ढीग, मी पदराने घाम पुसतेय. तिने हातातलं इडिअप्पमचं पाकीट ओट्यावर ठेवलं आणि फक्त म्हणाली, "हात दाखवा."

"बघ की. काय झालंय?" खरंच तेव्हा काही झालं नव्हतं.

पाहुण्यांनी तीन तीनदा वाढून घेतलं. नातीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "ही शेवयांची खीर कशी केलीत?" मी नातीकडे बघितलं. ती डोळ्यांनीच म्हणत होती, आजी, प्लीज. मी गप्प बसले. आयुष्यात मी किती वेळा गप्प बसले ते मोजायचं झालं तर ती एक वेळ धरायला हरकत नाही.

दुसऱ्या आठवड्यात तळहात लाल व्हायला लागले. आधी नुसती मुंग्यांची चुणचुण, मग सूज, मग बोटांच्या मुळाशी पापुद्रे. तिसऱ्या आठवड्यात चहाचा कप धरवेना. मी कप बशीत ओतून, बशी टेबलावर ठेवून, खाली वाकून प्यायला लागले. नातीने विचारलं, "आजी, तू मांजरासारखी का पितेस?" मी म्हटलं, "फॅशन आहे."

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सूनबाईंचं गणित बरोबर आलं असतं, आणि ह्या वयात मला तेवढंच सोसवलं नसतं. शिवाय डोक्यात एक हिशोब होता : चौथ्या खेपेच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हात बघितले तर औषध थांबवतील. औषध तर लागू पडत होतं. तेव्हा हातच दिसायला नकोत.

मार्ग आपणहून घरी चालत आला. खेपेच्या आधीच्या रविवारी नातीचा साखरपुडा होता. शनिवारी मेंदीवाली आली. नातीचं झाल्यावर मी दोन्ही हात पुढे केले.

"आजी, तुम्हाला मधोमध एक छान ठिपका काढते आणि बोटं रंगवते."

"ठिपका कसला? भरगच्च काढ. मनगटापर्यंत. जागा ठेवू नकोस."

मेंदी थंडगार लागली, फार बरं वाटलं. मी स्वतःला सांगितलं की हे औषधच आहे. सकाळी रंग असा चढला की लाली कुठे आणि मेंदी कुठे ते मलाही ओळखता येईना. पापुद्रे निघालेल्या जागी मात्र रंग तुकड्यातुकड्यांत बसला होता, पण साखरपुड्यात म्हातारीचे हात कोण बघतं?

बुधवारी सुनेबरोबर ओपीडीत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा आजी! काय नटलाय." मग नेहमीप्रमाणे हात मागितले. उलटसुलट केले. दिवा जवळ ओढला. अंगठ्याने तळव्यावर दाबलं.

"दुखतंय?"

"छे."

"मग डोळ्यांत पाणी कसलं?"

"तुमच्या एसीचं."

त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली माझ्यासमोर ठेवली. "जरा उघडून द्या, मला तहान लागलीय."

मी झाकण धरलं. फिरवायला गेले आणि तोंडातून "आई गं" निघालं. सुनेने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे. मग मेंदीकडे. तिच्या चेहऱ्यावर सगळी पायरीपायरीने बेरीज झालेली मला दिसली.

शिरवाळ्यांची हकिगत मला सांगावी लागली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. कागदावर हात काढून त्यांनी दाखवलं. म्हणाल्या, "आजी, ह्या गोळ्या तुमच्या रक्तात कितीतरी दिवस फिरत असतात. तळहात तापला, त्याच्यावर दाब पडला, की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या सैल होतात. मग गोळ्या तिथेही उतरतात. आणि उतरल्या की त्यांना समोर गाठ आहे की तुमची कातडी, हे कळत नाही."

म्हणजे चांगल्या चालल्या होत्या पोटाकडे, मी बावीस गोळे दाबून त्यांना हाक मारली : इकडे या, इकडे या.

"आता आज औषध नाही," त्या म्हणाल्या. "दोन आठवडे वाट बघू. कातडी भरून आली तर पुढे जाऊ. नाही आली तर हे औषध आपल्याला सोडावं लागेल. दुसरी औषधं आहेत, पण हे तुम्हाला लागू पडतंय. मार्कर परत खाली आलाय. मला हे सोडायचं नाहीये."

मलाही नव्हतं सोडायचं. मी हात पदराखाली घेतले आणि बाहेर पडले.

रिक्षात सून रस्त्याकडे बघत बसली होती. सिग्नल आला. मी म्हटलं, "बोल ना काहीतरी. शिरवाळे चुकले माझे."

"शिरवाळ्यांवर नाही रागावले मी, आई. मला माहीतच होतं तुम्ही करणार. मी मुद्दाम हळू चालत परत आले, तुमचं होऊ दे म्हणून. म्हटलं, एवढा मान आहे त्यांचा, करू दे. त्यामुळे त्यात अर्धी चूक माझी." मग ती वळली. "पण मेंदी? दोन आठवडे तुम्ही बशीतून चहा पिताय आणि मला वाटतंय साखर वाढली, हात थरथरतायत. लपवून तुम्ही कुणाला फसवलंत? औषधाला?"

मला सासूबाई दिसल्या, बादलीवर वाकलेल्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून सांगितलं नाही. मी तर नुसत्या तोऱ्यात. सुनेला मी ती जुनी हकिगत तोपर्यंत कधी सांगितली नव्हती. रिक्षा घराखाली येईपर्यंत सगळी सांगितली, स्ट्रिपांसकट. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरं. आता दोन आठवडे माझं ऐकायचं. 'पण' म्हणायचं नाही."

"पण—"

"आई!"

ते दोन आठवडे आमच्या घरात मी बाळ होते. सकाळ-संध्याकाळ सून हाताला मलम लावून सुती मोजे चढवायची. माझे केस ती विंचरायची, आणि वर्गातल्या मुलांना ओळीत उभं करावं तसे ते मागे ओढायची. शाळेत जाताना दाराच्या कडीपासून गॅसच्या बटणापर्यंत सगळीकडे नजर टाकून ह्यांना बजावायची, "बाबा, ह्यांनी कशाला हात लावला तर मला फोन." दुपारचा भात भरवायचं काम ह्यांच्याकडे. ह्यांचा नेम वाईट. पहिल्या दिवशी आमटी हनुवटीवरून मोज्यांपर्यंत गेली.

"अहो, तोंड इथे आहे."

"गप ऱ्हव गो. हलतंस कित्याक?"

खालच्या मजल्यावरची भजनातली मैत्रीण येऊन बघून गेली आणि म्हणाली, "किती गं लाड तुझे." मी म्हटलं, "तूही शिरवाळे कर."

एका दुपारी मात्र ह्यांचा डोळा लागला होता आणि मी मोजे दातांनी ओढून काढले. मेंदी उतरायला लागली होती. तिच्याखाली उजव्या तळव्यावर करंगळीच्या बाजूला एक जागा अजून ओली, लाल होती. पाच दिवस उरले होते. बोट लावून बघायचा मोह झाला. आधी मी बघितलंच असतं, सोलून, दाबून, फुंकर घालून. तेव्हा वाटलं, ह्या एवढ्याशा जागेवर माझ्या पोटाचं औषध अवलंबून आहे. मी मोजा परत तोंडात धरला, पण तो काही चढेना. शेवटी ह्यांना उठवलं. त्यांनी मोजा घातला. उलटा घातला. मी तसाच ठेवला, आणि संध्याकाळी सून आल्यावर तिला आपणहून सांगितलं, "तिथे अजून ओलं आहे. मी आज उघडून बघितलं." तिने ते डॉक्टरांना फोनवर कळवलं. डॉक्टरांनी मलम बदललं.

चौदाव्या दिवशी मी हात धुऊन, काहीही न लावता, नुसते घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढला. त्या बराच वेळ उजव्या हाताच्या कडेला बघत होत्या. सून माझ्या खुर्चीमागे उभी होती. तीही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"नवीन कातडी आलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाजूक आहे, पण बंद झालीय." त्यांनी दाबलं. "दुखतंय?"

"हो," मी म्हटलं. "थोडं. मागच्यापेक्षा कमी. आणि हे एसीचं नाही."

त्या हसल्या, पेन काढलं. "डोस थोडा कमी करून देऊ. चालेल?"

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हटलं. मागून सून खोकली. तिला ते वाक्य माझ्या तोंडी झेपलं नसावं.

खुर्ची खिडकीजवळचीच मिळाली. सिस्टरने सुई लावली, पिशवी टांगली, आणि नळीतून ते पातळ लाल खाली यायला लागलं. चरबीच्या कोटातल्या त्या गोळ्या आता कोपरापर्यंत आल्या असतील, आता खांद्यापर्यंत, मी मनात त्यांच्याबरोबर चालत होते. तळहातांवर बर्फाच्या पिशव्या होत्या आणि त्यांच्यावर सुनेने आपले दोन्ही हात अलगद ठेवले होते, मी चोरून सोडवीन म्हणून.

"हलू नका हां आई. पूर्ण तास."

"नाही हलत."

पाच मिनिटं गेली.

"ऐक ना. नाक खाजतंय."

"कुठे?"

"उजवीकडे. वर. अजून जरा वर. हां, तिथेच."